लेझर, हात आणि आपली कंबर

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)



या व्यासपीठावर दरवर्षी इतिहास, साहित्य, संतवाङ्मय असे विषय होतात. यंदा कार्यकारिणीने मला कंबरदुखीवर बोलायला सांगितलं. तेव्हा एक ज्येष्ठ सभासद हसत म्हणाले, "विषय चांगला आहे, पण श्रोत्यांना दोन तास सतरंजीवर बसवू नका, नाहीतर सगळेच तुमचे पेशंट होतील." म्हणून मी थोडक्यात आटोपतो. ज्यांना बसवत नसेल त्यांनी खुशाल उभं राहून ऐकावं, मला राग येणार नाही.

मी राज्य सरकारच्या आरोग्य खात्यात नोकरीला आहे. शिक्षण फिजिओथेरपीच्या डिप्लोमाचं. मी डॉक्टर नाही. निदान करणं आणि गोळ्या लिहून देणं हे माझं काम नाही. पण कंबर धरलेला माणूस रोज समोर येतो, त्याच्याशी बोलणं होतं, त्याला हात लावून पाहणं होतं. आपल्या बसवकल्याणात हे दुखणं तीन भाषांत येतं. कन्नड बोलणारा 'सोंटा नोवू' म्हणतो, उर्दू बोलणारा 'कमर में दर्द' म्हणतो आणि आपला माणूस म्हणतो, "कंबर धरलीय हो." भाषा तीन, पण हात ठेवायची जागा एकच.

आणि दुखणारी माणसं तरी कोण? हायवेवर रात्र रात्र ट्रक चालवणारे, गॅरेजमध्ये गाडीखाली वाकून काम करणारे, तुरीत आणि सोयाबीनमध्ये दिवसभर खुरपं धरणाऱ्या बाया, ऊसतोड करणारे, दुकानाच्या गादीवर बारा तास बसणारे व्यापारी आणि खुर्चीतून न उठणारे आम्ही सरकारी नोकर. यातून कोणी सुटलेलं नाही. जगभरात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल, असा जागतिक आजारभाराच्या अभ्यासाचा अंदाज आहे.

आज हा विषय घेण्याचं खरं कारण वेगळं आहे. गेल्या काही वर्षांत सोलापूर, लातूर, कलबुर्गी, हैदराबाद इथून तपासणी करून आलेली माणसं मला एकच प्रश्न विचारतात, "लेझर घेऊ का? दहा सिटिंगचं पॅकेज सांगितलंय." कोणी म्हणतं, "लेझर नको, अमक्या गावचा माणूस हाताने मणका बसवतो, तिकडे जातो." कोणी दोन्ही करून आलेलं असतं, पैसे संपलेले असतात आणि कंबर होती तिथेच असते. या पैशांत एखाद्याच्या पोराची फी असते, एखाद्याच्या बियाण्याचे पैसे असतात. म्हणून लेझर काय करतं, हात काय करतात, दोन्ही एकत्र केल्याने काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे नीट समजून घेऊ.

आधी दुखणं ओळखू या

कंबरदुखी तीन महिन्यांहून जास्त टिकली की तिला जुनाट म्हणतात. जुनाट कंबरदुखीच्या शंभरातल्या निदान नव्वद जणांमध्ये हाड मोडलेलं, गाठ झालेली, जंतुसंसर्ग असं एखादं ठोस कारण सापडत नाही. दुखणं खरंच असतं, त्यात नाटक नसतं. पण ते स्नायू, सांधे, चकती, नसा, झोप, चिंता आणि कामाची पद्धत या सगळ्यांच्या मिळून झालेल्या गुंत्यातून येतं.

इथे एमआरआयचा घोळ होतो. रिपोर्टमध्ये 'डिस्क बल्ज' लिहिलेलं असतं आणि घरात सुतक पडल्यासारखं होतं. २०१५ साली एका अमेरिकन वैद्यकीय मासिकात एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या होत्या. विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीच्या वयात ९६ टक्क्यांच्या. आणि यांपैकी कोणाचीही कंबर दुखत नव्हती! केस पिकतात तशी चकतीही पिकते. म्हणून रिपोर्ट वाचून घाबरू नका, रिपोर्ट आणि माणूस दोन्ही एकत्र पाहणाऱ्या डॉक्टरांकडे जा.

मात्र काही लक्षणं अशी आहेत की तिथे लेझर नाही, मालिश नाही, उशीर तर अजिबात नाही. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद वेगाने कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. कंबरदुखीबरोबर ताप येतो, वजन उतरतं, रात्री पडल्यावरही दुखणं थांबत नाही, पूर्वी टीबी किंवा कॅन्सर झालेला आहे, पडून मार लागलेला आहे, बरीच वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, तर आधी डॉक्टर आणि तपासणी. मणक्याचा टीबी आपल्या देशात आजही आहे, आणि तो चोळून बरा होत नाही.

पायाळूच्या लाथेपासून लेझरपर्यंत

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला बोलवायची पद्धत होती, काही गावांत अजून आहे. जन्माला येताना ज्याचे पाय आधी आले, त्याने कंबरेला पाय लावला की उसण उतरते, असा समज. कोणी बिब्बा घालायचं, कोणी डाग द्यायचं. आज आपण हसतो. पण उसण उतरायची हे खरं होतं. का उतरायची? कारण अचानक भरलेली उसण बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप कमी होते. दुखणं सर्वांत जास्त असतं त्या दिवशी आपण पायाळूला बोलावतो. त्यानंतर ते उतरणारच असतं. श्रेय मात्र पायाळूला मिळतं.

हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण तो आजच्या मशीनलाही तंतोतंत लागू आहे. जुनाट दुखणंही चढतं-उतरतं. चढलेलं असताना आपण क्लिनिकमध्ये जातो, उतरलं की शेवटच्या उपचाराला श्रेय देतो. म्हणून "मला फरक पडला" एवढ्यावर उपचाराची परीक्षा होत नाही. ती कशी करतात, ते पुढे सांगतो.

लेझर म्हणजे काय

पहिलं लेझर यंत्र १९६० साली अमेरिकेत थिओडोर मायमन यांनी बनवलं. १९६७ च्या सुमारास हंगेरीत, बुडापेस्टमध्ये, एंद्रे मेस्टर नावाचे डॉक्टर उंदरांवर प्रयोग करत होते. उंदरांच्या पाठीवरचे केस काढून त्यांनी तिथे मंद लेझर सोडला. ज्या उंदरांवर लेझर पडला त्यांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. मंद प्रकाशाचा पेशींवर परिणाम होतो, हा विचार तिथून पुढे आला. मग जखमा भरण्यासाठी, आणि नंतर सांधे व स्नायूंच्या दुखण्यासाठी त्याचा वापर होऊ लागला.

इथे एक गैरसमज दूर करतो. मणक्याच्या ऑपरेशनमध्ये जो लेझर वापरतात तो जाळणारा असतो. मी बोलतोय तो उपचाराचा लेझर. तो कापत नाही, जाळत नाही. कंबरेसाठी बहुधा डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश वापरतात, साधारण आठशे ते नऊशे नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा. त्याची ताकद अर्ध्या वॅटच्या आत असेल तर त्वचेला ऊबसुद्धा जाणवत नाही. त्याहून जास्त ताकदीची यंत्रंही हल्ली आली आहेत, त्यांनी चांगलं गरम लागतं.

प्रकाश आत जाऊन करतो काय? आपल्या पेशींत ऊर्जा तयार करणारे छोटे कारखाने असतात, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. त्यातलं एक एन्झाइम हा प्रकाश शोषून घेतं, पेशीतल्या ऊर्जेचं काम वाढतं आणि सूज व वेदनेच्या प्रक्रियेत बदल होतो, असं शास्त्रज्ञ मानतात. पण प्रकाश शरीरात खोल जाता जाता झपाट्याने कमी होतो. बोटाच्या सांध्यापर्यंत तो सहज पोहोचतो. कंबरेत आधी त्वचा, मग चरबी, मग जाड स्नायू, आणि त्याखाली मणक्याचे सांधे व चकती. तिथपर्यंत फारच थोडा पोहोचतो. म्हणून "लेझरने चकती आत गेली" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मात्रेचं गणितही सोपं आहे. ताकद गुणिले वेळ म्हणजे मात्रा. ०.१ वॅटचं यंत्र एका जागी ४० सेकंद धरलं तर ४ ज्यूल ऊर्जा मिळते. मात्रा फार कमी झाली तर उपयोग नाही, फार वाढवली तरी परिणाम उलट कमी होऊ शकतो. त्यामुळे कंबरेवरून घाईघाईने यंत्र फिरवलं, याला उपचार म्हणत नाहीत. आणि दोघांच्याही डोळ्यांवर खास चष्मा हवाच. प्रकाश दिसत नाही म्हणून डोळ्याला धोका नाही असं नसतं, उलट धोका जास्त. कॅन्सरच्या गाठीवर आणि गरोदर बाईच्या पोटावर, कंबरेवर हा लेझर देत नाहीत.

हातांचं काम

माणसाने माणसाचं अंग चोळणं हे कुठल्याही यंत्रापेक्षा जुनं. बाळाला तेल लावणारी आजी, तालमीत मालिश करणारा वस्ताद, यांना कोणी डिप्लोमा दिला नव्हता. पण मॅन्युअल थेरपी म्हणजे नुसतं चोळणं नव्हे. कुठला सांधा अडलाय, कुठला स्नायू ताठलाय, कुठल्या हालचालीने दुखणं वाढतं, कुठल्या हालचालीने कमी होतं, हे आधी तपासायचं. मग ठरावीक दाबाने, ठरावीक दिशेने सांधा हलवायचा. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी १९६४ साली मणक्यावरच्या हस्तोपचारांचं पुस्तक लिहिलं आणि दाबाच्या पायऱ्या ठरवून दिल्या. अगदी हलक्या झुलवण्यापासून सांध्याच्या शेवटच्या मर्यादेपर्यंत. भारतात फिजिओथेरपीचं पद्धतशीर शिक्षण १९५० च्या दशकात मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात सुरू झालं. आज लातूर, सोलापूर, कलबुर्गीची मुलं हे शिकून येतात.

हाताने 'सरकलेला मणका बसवतात' हे मात्र खरं नाही. मणका म्हणजे काही उतरंडीतलं मडकं नव्हे, की सरकलं आणि पुन्हा बसवलं. त्याला मजबूत बंध असतात. 'कट्' असा जो आवाज येतो, तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्याचा असतो. हाताच्या दाबाने मज्जासंस्थेला वेगळा संदेश जातो, ताठलेला स्नायू सैल होतो, हालचालीची भीती कमी होते. फायदा आहे तो यात. २०१९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ४७ चाचण्यांचा, नऊ हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा आला. जुनाट कंबरदुखीत मणक्याच्या हस्तोपचारांचा परिणाम व्यायामासारख्या इतर मान्य उपचारांच्या बरोबरीचा निघाला. जास्त नाही आणि कमीही नाही. हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसाला जोराचा झटका देणं मात्र धोक्याचं आहे. पाठीवर पाय देऊन उभं राहणाऱ्यांपासून आपल्या आई-वडिलांना जपा.

दोन्ही एकत्र केलं तर?

आता परीक्षेकडे येऊ. लेझरचा प्रकाश दिसत नाही, ऊब लागत नाही. त्यामुळे अभ्यास करणाऱ्यांना एक सोय झाली. निम्म्या रुग्णांवर यंत्र चालू ठेवायचं, निम्म्यांवर बंद. कोणावर चालू होतं हे रुग्णाला कळत नाही. मग फरक मोजायचा.

निकाल सरळसोट आलेले नाहीत. २००३ साली तुर्कस्तानात ७५ रुग्णांचे तीन गट केले: नुसता लेझर, नुसता व्यायाम आणि दोन्ही. तिन्ही गट सुधारले. २००७ साली तेहरानच्या ६१ रुग्णांच्या अभ्यासात लेझर आणि व्यायाम एकत्र करणाऱ्यांना बाराव्या आठवड्याला नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त आराम होता. २०२१ साली ब्राझीलच्या १४८ रुग्णांत मात्र खरा लेझर आणि बंद यंत्र यांत फरक निघाला नाही. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शनात जुनाट कंबरदुखीसाठी मंद लेझर आणि हस्तोपचार दोन्ही यादीत घेतले, पण पुरावा कमी दर्जाचा आहे असं स्पष्ट लिहून. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये व्यायाम, रुग्णशिक्षण, हस्तोपचार, मालिश यांची शिफारस केली, आणि कंबरेचे पट्टे, वजन लावून ओढणं, अल्ट्रासाऊंड यांचा नेहमीचा वापर नको म्हणून सांगितलं. आपल्याकडे तर कंबरदुखी म्हणजे पहिल्यांदा मेडिकलमधून बेल्ट!

लेझर आणि हात यांच्या जोडीवर मोठे अभ्यास थोडे आहेत. मग जोडी का करायची? तर्क असा आहे. जुनाट दुखण्यात माणूस हलायला घाबरतो. हलत नाही म्हणून स्नायू कमजोर होतात, सांधे ताठतात. कमजोर झाले की थोड्या कामाने दुखतं, दुखलं की आणखी हलत नाही. हे चक्र कुठेतरी तोडायचं असतं. काही जणांत लेझरने वेदना थोडी उतरते. हाताने ताठरपणा थोडा सुटतो. त्यानंतर काही तास, फार तर एक-दोन दिवस हालचाल सोपी असते. त्या वेळात व्यायाम केला तर चक्र तुटतं. त्या वेळात खाटेवर आडवं पडलं तर दोन दिवसांनी कंबर पुन्हा तीच, आणि पॅकेजची पुढची सिटिंग.

माझ्या बोलण्यातलं एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्या: लेझर आणि हात आपल्याला थोडा वेळ मिळवून देतात, कंबर बरी होते ती त्या वेळात आपण केलेल्या हालचालीने.

पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न

पहिला: मला तपासून लेझर सांगताय, की नुसता रिपोर्ट पाहून? दुसरा: लेझर आणि हस्तोपचारानंतर व्यायाम कोण शिकवणार, तो रोज कसा वाढवायचा? तिसरा: किती सिटिंगनंतर आपण फरक मोजणार? माझ्या मते सहा सिटिंग पुरे. तोवर फरक नसेल तर तोच उपचार पुढे रेटू नये. म्हणून दहा-वीस सिटिंगचे पैसे आगाऊ देऊ नका. चौथा: लेझर नसेल तर माझं अडेल का? प्रामाणिक थेरपिस्ट सांगेल, "अडणार नाही." लेझर हे वरचं लोणचं आहे, भाकरी व्यायामाचीच.

फरक मोजायचा तरी कसा? दुखणं दहापैकी किती, हे वहीत लिहा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अडलेलं एक काम लिहा. "उमरग्यापर्यंत एसटीत बसवत नाही." "मांडी घालून पूजेला बसता येत नाही." "भाकऱ्या थापून उठताना आधार लागतो." तीन आठवड्यांनी ते काम जमतंय का ते पाहा. खरी परीक्षा तीच.

रोजच्या कामात

व्यायाम म्हणजे जिम नव्हे. उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर हळू उचलणं, हात-गुडघ्यांवर येऊन मांजरासारखी पाठ वर-खाली करणं, त्याच स्थितीत एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय सरळ धरणं. प्रत्येकी आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा. थोडं दुखलं तर चालतं. पायात कळ उतरू लागली तर थांबा आणि विचारा.

आणि चाला. जून २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये ऑस्ट्रेलियातला ७०१ लोकांचा अभ्यास आला. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या लोकांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, अर्ध्या तासापर्यंत चालायला शिकवलं. न चालणाऱ्या गटात दुखणं साधारण ११२ दिवसांनी परतलं, चालणाऱ्या गटात २०८ दिवसांनी. याला कुठलं यंत्र लागत नाही. सकाळी किल्ल्याच्या बाजूला एक फेरी मारली तरी काम होतं.

ड्रायव्हर दादांनो, दर दोन तासांनी गाडीतून उतरा, पाच मिनिटं चाला, आणि उतरल्या उतरल्या लगेच ताडपत्री-पोती उचलू नका. खुरपणाऱ्या मावशींनी अर्ध्या-पाऊण तासाने उभं राहून कंबरेवर हात ठेवून मागे वाकावं, बसायची पद्धत बदलावी. घरातल्या पुरुषांनी पाण्याच्या घागरी उचलायला हात लावला तर निम्म्या बायकांची कंबर माझ्याकडे येणारच नाही. आणि विसर्जनाला मूर्ती उचलणाऱ्या पोरांनो, गुडघ्यात वाका, मूर्ती छातीशी धरा, उचलताना कंबरेतून वळू नका. चौघांचं वजन दोघांनी उचलून शौर्य दाखवू नका. अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे गर्दी असते, यंदा ती कमी करा.

मित्रहो, आपण कल्याणनगरीत राहतो. बाराव्या शतकात याच मातीत बसवेश्वरांनी आणि शरणांनी अंगमेहनतीला, कायकाला, मोठा मान दिला. अनुभव मंटपात दोर वळणारे नुलिय चंदय्या होते, कपडे धुणारे मडिवाळ माचय्या होते. कष्टाने वाकणाऱ्या पाठीचा इथे मान होता. ती पाठ सांभाळणं हेही एक कायकच आहे, आणि ते दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. लेझर भाड्याने मिळेल, हात दुसऱ्याचे मिळतील, पण चालायला पाय आपलेच लागतात.

उद्यापासून सकाळी चालताना दिसा, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!